फारमोरची लेफ्से, गव्हाशिवाय

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. मी मूळची पुण्याची, लग्नानंतर नॉर्वेत स्टव्हँगरजवळ राहते. नवरा इथलाच. आमच्या आठ वर्षांच्या मुलाला यंदा सिलिॲक आजाराचं, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन हे प्रथिन आतड्याला न सोसण्याचं, निदान झालं आणि आमच्या घरातून गहू गेला. रोजचं जेवण जमवलंय, भाकरी त्याला आवडते. अडलंय ते लेफ्सेपाशी, म्हणजे इथल्या पातळ, मऊ चपातीपाशी. नोव्हेंबरच्या शेवटी सासूबाईंकडे (मुलाची ‘फारमोर’, म्हणजे वडिलांची आई) सगळी नातवंडं जमतात आणि दिवसभर बटाट्याच्या लेफ्से लाटायच्या-भाजायच्या, नाताळपर्यंत पुरतील इतक्या. तव्यावरची लेफ्से उलटायचं काम आमच्या चिरंजीवांचं.

मी घरी करून पाहिलं. बटाटे उकडून गरम असतानाच कुस्करले, मोदकाला काढतो तशी तांदळाच्या पिठाची उकड काढून त्यात मिसळली. पीठ आईने पाठवलेलं, आमच्या पेठेतल्या गिरणीतून दळून आणलेलं. गोळा लाटण्याला चिकटत राहिला. मग पीठ घालत गेले, तर तव्यावर टाकताना तुकडे. दोन-चार धड निघाल्या त्या दुसऱ्या दिवशी कडक.

सासूबाई मनाने चांगल्या आहेत. म्हणतात, ‘अगं, यात बटाटाच तर असतो जास्त, एवढ्याशा पिठाने काय होतंय? हवं तर मी स्पेल्टचं पीठ घालते, जुनं धान्य ते, पोटाला हलकं.’ ‘आमच्या वेळी नव्हते असले आजार’ हेही अधूनमधून असतं. मला त्यांचं मन मोडायचं नाही. पाककृती सांगा, आणि त्यांना काय सांगू तेही सांगा.

– स्टव्हँगरची सून


प्रिय सूनबाई,

आधी ते आईने पाठवलेलं पीठ मुलाच्या डब्यांपासून लांब करा. तुम्ही जाता जाता लिहून गेलात, पण तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त तेच खटकलं. पेठेतल्या गिरणीत सकाळपासून गहूच पडत असतो. कुणाचे दहा किलो, कुणाचे पाच, मधेच कुणाचे तांदूळ, कुणाची ज्वारी. आपलं दळण लावण्याआधी गिरणीवाला फार तर मूठभर पीठ काढून टाकतो. दगडांच्या खाचांत आणि खाली बांधलेल्या त्या कापडी पिशवीत आधीचा गहू बसलेला असतोच. तांदळात ग्लुटेन नसतं, पण त्या गिरणीतून आलेल्या तांदळाच्या पिठात ते सहज असू शकतं. भाकरीची ज्वारी-बाजरी त्याच गिरणीतून येत असेल तर तिलाही हेच लागू. आईला वाईट वाटेल, वाटू द्या. तिला पिठाऐवजी दुसरं काहीतरी पाठवायला सांगा, पण मेतकूट नको. हो, मेतकुटातही घरोघरी मूठभर गहू भाजून घालतात.

हिंगाची डबीही उलटी करून वाचा. आपल्याकडचा बांधणीचा हिंग बऱ्याचदा गव्हाच्या पिठात बांधलेला असतो. आणि ज्या तव्यावर वर्षानुवर्षं पोळ्या झाल्या तो लोखंडी तवा भाकरीसाठी वापरत असाल, तर मुलासाठी नवा घ्या. नॉर्वेतल्या दुकानात तांदळाचं पीठ घेताना पाकिटावर ‘ग्लुटेनफ्री’ छापलेलंच घ्या. किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नसेल तरच हा शब्द छापता येतो. नॉर्वेत हाच नियम आहे आणि भारतातही हाच.

आता लेफ्से.

ज्या वाचकांना ती माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. उकडलेल्या बटाट्याचा लगदा, त्यात लोणी, थोडी साय, मीठ आणि बटाट्याच्या साधारण पाव हिश्श्याइतका मैदा. याची पातळ, मऊ चपाती लाटून मोठ्या सपाट तव्यावर बिनतेलाची भाजायची. त्या तव्याला टाक्के म्हणतात. लोणी, साखर, दालचिनी लावून गुंडाळून खायची. काही घरांत तपकिरी बकरी-चीज लावतात, तर नाताळच्या दिवसांत मासेही गुंडाळतात. हिचीच लहान, जरा जाड बहीण म्हणजे लोम्पे. तिच्यात सॉसेज गुंडाळून खातात. नॉर्वेत बटाट्याशिवायच्याही कितीतरी लेफ्से आहेत, हार्डांगरची वेगळी, नूरलांची जाड वेगळी. त्यांत सगळा भार पिठावर असतो. तुमच्या सासूबाई बटाट्याची करतात, हे तुमचं नशीब.

तुमचं कुठे चुकलं? उकड काढलीत तिथे. उकड आपण काढतो कारण तांदळाचं पीठ कच्चं असताना त्याला लवचीकपणा नसतो. गरम पाण्यात स्टार्च फुलतो, चिकट होतो आणि पारी वळता येते. पण उकडलेला बटाटा म्हणजे आधीच झालेली उकड! त्यातला स्टार्च फुललेला आहे, पाणी भरपूर आहे. त्यात तुम्ही आणखी एक ओली उकड घातलीत, तीही बटाटा गरम असताना. गोळा चिकटणारच. मग कोरडं पीठ ओतत गेलात आणि ते कच्चंच राहिलं, म्हणून तुकडे पडले. दुसऱ्या दिवशीचा कडकपणाही त्याच जास्तीच्या पिठाचा. शिजलेला तांदळाचा स्टार्च गार झाला की घट्ट होतो. शिळी भाकरी आठवा.

मैदा या लेफ्सेत काय करतो ते बघितलं की पुढचं सोपं होतं. पहिलं म्हणजे तो बटाट्याचं जास्तीचं पाणी ओढून घेतो. दुसरं, ग्लुटेनची ताणली जाणारी जाळी तयार होते, त्यामुळे पातळ लाटलेली लेफ्से काठीवर उचलली तरी फाटत नाही. पाणी ओढायला तांदळाचं पीठ आणि बटाट्याचा स्टार्च पुरतो. धरून ठेवायला इसबगोल. हो, तोच, आपल्या आजोबांच्या कपाटातला. जगाला इसबगोल मुख्यतः उत्तर गुजरात आणि राजस्थानच्या शेतांतून जातो आणि तुमच्या स्टव्हँगरच्या दुकानात तो ग्लुटेनफ्री बेकिंगच्या फळीवर बसलेला असतो. पाण्यात तो जेलीसारखा फुगतो आणि गोळ्याला लवचीकपणा देतो. झँथन गमही चालतो, पण त्याने लेफ्सेला किंचित बुळबुळीत चव येते असं माझं मत. मी इसबगोलच घेते.

बटाटा निवडण्यात हयगय करू नका. अर्धं यश तिथेच आहे. पिठूळ बटाटा हवा. नॉर्वेत केर्स पिंक सहज मिळतो. लांबट, पिवळसर मांडेल मिळाला तर तोही छान. उन्हाळ्यातला नवा, पातळ सालीचा बटाटा नको. तो मेणचट असतो, पाणी सोडतो. तसं पाहिलं तर लेफ्सेचा मोसम बरोबर साठवणीच्या बटाट्यांचा आहे, त्यामुळे नोव्हेंबरात अडचण येऊ नये.

सालीसकट उकडा, फुटू देऊ नका, कारण फुटलेला बटाटा पाणी पितो. पाणी ओतून टाकलं की तेच भांडं मंद आचेवर एक-दोन मिनिटं नुसतं हलवत ठेवा, वाफ निघून जाऊ दे. गरम असतानाच सोला आणि पुरणयंत्रातून काढा. पुरणयंत्र नसेल तर तिथला बटाटे दाबायचा प्रेसही तेच काम करतो. मिक्सर किंवा फूड प्रोसेसर मात्र अजिबात नको. पात्याने स्टार्चच्या पेशी फुटतात आणि खळ तयार होते, मग कितीही पीठ घाला, ती सुटत नाही.

या पुरणयंत्रातून काढलेल्या ५०० ग्रॅम बटाट्यात, गरम असतानाच, ३० ग्रॅम लोणी, पाऊण चमचा मीठ आणि एक चमचा साखर घाला. सासूबाई साय घालत असतील. तुम्ही पहिल्या वेळी घालूच नका, किंवा फार तर एक मोठा चमचा. मैद्याच्या गोळ्याला साय खपते, बिनग्लुटेनच्या गोळ्याला ती सैल करते. आता पसरट ताटात पसरून उघडं गार होऊ द्या, मग सैलसर झाकून रात्रभर फ्रिजमध्ये. घाई करायची जागा ही नव्हे. गार होताना बटाट्याचा वरचा ओलावा उडतो, स्टार्च घट्ट होतो आणि पीठ कमी लागतं. नॉर्वेतल्या जुन्या बायकाही आदल्या दिवशीचेच गार बटाटे घेतात, त्याचं कारण हेच.

दुसऱ्या दिवशी ७० ग्रॅम तांदळाचं बारीक पीठ, ४० ग्रॅम बटाट्याचा स्टार्च आणि ६ ग्रॅम इसबगोलाची पूड आधी कोरडंच नीट एकत्र करा. कोरडं मिसळलं नाही तर इसबगोलाच्या गाठी होतात आणि त्या नंतर फुटत नाहीत. अख्खा इसबगोल असेल तर मिक्सरमधून फिरवून घ्या, आणि तो साधाच हवा, संत्र्याच्या चवीचा साखर घातलेला नको. स्टार्चबद्दल एक सांगून ठेवते. तिथे ‘पोतेतमेल’ नावाने जे मिळतं तो स्टार्चच असतो, तेच घ्या. अमेरिकेतल्या पाककृतीत ज्याला बटाट्याचं पीठ म्हणतात ते शिजवून वाळवलेल्या अख्ख्या बटाट्याचं असतं. ते वाजवीपेक्षा खूप पाणी ओढतं, गोळा भरभरीत होतो. मिनेसोटा, विस्कॉन्सिनकडच्या नॉर्वेजियन वंशाच्या घरांतल्या पाककृती इंटरनेटवर भरपूर सापडतात आणि चांगल्याही असतात, पण हा एक घोटाळा त्यांत होतो.

हे कोरडं मिश्रण गार बटाट्यात हलक्या हाताने मळा. तिंबत बसू नका. इथे ग्लुटेन नाही, त्यामुळे तिंबून काही मिळत नाही, उलट बटाटा सैल होतो. झाकून २० मिनिटं ठेवा. मैद्याची लेफ्से मळली की लगेच लाटावी लागते, कारण मीठ पाणी सोडवतं आणि गोळा सैलावत जातो. तुमच्या गोळ्याचं उलटं होईल. इसबगोल ओलावा पिऊन घेईल आणि गोळा घट्ट होईल. सुरुवातीला हाताला थोडा चिकटला तर घाबरून पीठ ओतू नका, थांबा. २० मिनिटांनी बोटाने दाबून बघा. खड्डा पडावा, कडेला भेग नसावी, बोट कोरडं निघावं. भेग दिसली तर चमचाभर दूध. बोटाला लागलं तर चमचाभर तांदळाचं पीठ, त्याहून जास्त एकदम नको. दर बटाट्यात पाणी वेगळं असतं, त्यामुळे माझ्या ग्रॅमपेक्षा या बोटावर जास्त विश्वास ठेवा.

६०-७० ग्रॅमचे उंडे करा. एक बाहेर, बाकीचे फ्रिजमध्ये. आणि सासूबाईंसारखी दोन वितींची लेफ्से लाटायचा मोह पहिल्या वर्षी आवरा. १८ ते २० सेंटीमीटर पुरे. त्याहीपेक्षा, पहिल्यांदा लोम्पेच करा, १५ सेंटीमीटरच्या आणि जरा जाड. हात बसला की पातळ करत जा.

लाटायची तऱ्हा तेवढी बदलायची. बेकिंग पेपरच्या दोन तावांमध्ये उंडा ठेवा, आतून दोन्हीकडे तांदळाची पिठी भुरभुरा, मधून कडेकडे लाटा. दोन-तीन वेळा लाटणं फिरलं की वरचा कागद सोडवून परत ठेवा, मग पालथं करून दुसऱ्या बाजूचाही. कागद न सोडवता लाटत राहिलात तर लेफ्से कागदाला धरून बसते आणि पसरतच नाही. तवा मध्यमपेक्षा जरा जास्त तापलेला हवा. सासूबाईंच्या टाक्केवर अंश लिहिलेले असतील तर २२० च्या आसपास. त्या मैद्याच्या लेफ्से याहून कडक तव्यावर भाजत असतील, पण तुमची तितक्या आचेवर वाळते. वरचा कागद काढा, खालच्या कागदासकट तळहातावर घेऊन तव्यावर पालथी घाला आणि लगेच तो कागद कडेकडून सोलून घ्या. कागद तव्यावर ठेवून भाजू नका.

अर्ध्या मिनिटात वर बारीक फोड दिसायला लागतात आणि कड किंचित सुटते. मिनिटभराने उलटा. खाली चॉकलेटी ठिपके हवेत, मधली जागा फिकीच राहू दे. सगळी लालसर होईपर्यंत थांबलात तर पापड होईल. दुसरी बाजूही मिनिटभर. उतरवली की लगेच जाड फडक्यात, एकावर एक. ही वाफेची पायरी फार मोलाची आहे. तव्यावरून उतरताना लेफ्से कडेला कडक वाटते, फडक्यात १० मिनिटांत ती घडी घालण्याइतकी मऊ पडते. पहिली कशी झाली हे तव्यावरून लगेच उचलून ठरवू नका.

गार झाल्या की मध्ये कागद घालून, पिशवीत हवाबंद करून, त्याच दिवशी फ्रीझरमध्ये. फ्रिजमध्ये ठेवू नका. स्टार्च फ्रिजच्या गारव्यातच सगळ्यात लवकर कडक होतो, तुमच्या त्या दोन-चारांचं तेच झालं असेल. खायच्या वेळी काढायच्या, ओलसर फडक्यात गुंडाळून मायक्रोवेव्हमध्ये १५ सेकंद किंवा गरम तव्यावर एक एक बाजू. लोणी लगेच लावायचं.

बाजारातलं तयार ग्लुटेनफ्री पीठ वापरायचं असेल तर वापरा, पण त्यात इसबगोल किंवा गवार गम बहुतेक आधीच असतो, तेव्हा आपला इसबगोल निम्मा करा. त्यातल्या काही पिठांत ग्लुटेन काढून टाकलेला गव्हाचा स्टार्च असतो. पाकिटावर ग्लुटेनफ्री लिहिलेलं असेल तर सिलिॲकच्या मुलाला तो चालतो. गव्हाची ॲलर्जी असलेल्याला चालत नाही, हे दोन वेगळे आजार आहेत.

आता सासूबाई.

स्पेल्ट हा गहूच आहे, गव्हाची जुनी जात. ग्लुटेन त्यात भरपूर. बार्ली आणि राय यांतही आहे. आणि हे सांगायला हवं, कारण जुन्या लोम्पे-लेफ्सेंत ही दोन्ही पिठं सर्रास पडतात. ‘गहू नाही घातला’ एवढ्याने काम भागत नाही. ओट्स घ्यायचे तर ग्लुटेनफ्री छापलेलेच, तेही डॉक्टरांना विचारून.

‘एवढ्याशा पिठाने काय होतंय’ याचा हिशेब मी मांडून देते. ५०० ग्रॅम बटाट्याला १२० ग्रॅम मैदा धरला तर नऊएक लेफ्से होतात. म्हणजे एकीत १३ ग्रॅम मैदा, आणि त्यात साधारण १ ग्रॅम ग्लुटेन. इटलीतल्या संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात सिलिॲक असलेल्या प्रौढांना तीन महिने रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन दिलं, तेवढ्यानेही आतड्याच्या आतल्या अस्तराला इजा दिसली. ५० मिलिग्रॅम ग्लुटेन म्हणजे जेमतेम अर्धा ग्रॅम मैदा, बोटांची एक चिमूट. सासूबाईंच्या एका लेफ्सेत त्याच्या वीसपट आहे. मुलाला त्या दिवशी पोटात दुखलं नाही म्हणून काही झालं नाही, असंही नसतं. इजा आत होते, ती बाहेर दिसेलच असं नाही.

आणि ‘आमच्या वेळी नव्हतं’? होतं. सॅम्युएल गी या इंग्रज डॉक्टराने १८८८ मध्येच या आजाराचं वर्णन लिहून ठेवलंय. कारण कळत नव्हतं, मुलं खंगत होती. विलेम डिके नावाच्या डच बालरोगतज्ज्ञाने गव्हाकडे बोट दाखवलं. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये उपासमार होती, पाव मिळेना, तेव्हा ही आजारी मुलं सुधारली आणि पाव परत आला तशी पुन्हा बिघडली. सासूबाईंच्या पिढीला युद्धाच्या गोष्टी आईवडिलांकडून ऐकून माहीत असतात. हे त्यांना लवकर पटेल.

पण हे तुम्ही सांगायचं नाही. तुमच्या नवऱ्याने सांगायचं. त्याची आई, त्याची भाषा, त्याचा मुलगा. सुनेने तोंड उघडलं की तो सासूच्या रांधण्यावर घेतलेला आक्षेप होतो, मग ती सून पुण्याची असो की बर्गनची. त्याने आईला फोनवर उडत उडत न सांगता समोर बसून सांगावं आणि मुलाच्या पुढच्या तपासणीला एकदा बरोबर घेऊन जावं. आहारतज्ज्ञाच्या तोंडून ऐकलेलं आजीला वेगळं लागतं. सिलिॲक रुग्णांची राष्ट्रीय संघटनाही नॉर्वेत आहे, नॉर्वेजियन भाषेतलं वाचायला त्यांना तिथे मिळेल.

परंपरेचा मुद्दा निघालाच, तर नवऱ्याच्या हातात हेही द्या. लेफ्से नॉर्वेत बटाट्याच्या आधीपासून आहे. पूर्वी ती ओट्स-बार्लीच्या पिठाची असे. बटाटा अठराव्या शतकात आला आणि तो लावा म्हणून गावोगावचे पाद्री चर्चमधून लोकांच्या मागे लागले, इतके की त्यांना ‘बटाटा-पाद्री’ नाव पडलं. १८०७ ते १८१४ च्या काळात इंग्रजांनी समुद्र अडवला, बाहेरचं धान्य येईना, तेव्हा तो घरोघरी पोचला. देशाची जेमतेम तीनएक टक्के जमीन लागवडीची. पांढरा मैदा सगळ्यांच्या घरी असायला लागला तो फार नंतर. तेव्हा या लेफ्सेने पीठ एकदा बदललेलं आहे. अजून एकदा बदललं तर तिला काही होणार नाही.

त्या दिवसाचं काय करायचं, यावर मी स्पष्ट सांगते. सासूबाईंच्या स्वयंपाकघरात एका बाजूला मैदा आणि दुसऱ्या बाजूला मुलाच्या वेगळ्या लेफ्से, असला प्रकार करू नका. लेफ्सेच्या दिवशी मैदा हवेत असतो. ओट्यावर, बाह्यांवर, मुलांच्या केसांत, फडक्यांवर बसतो. या वर्षीचा कार्यक्रम तुमच्या घरी करा, सगळाच्या सगळा ग्लुटेनफ्री, आणि सासूबाईंना मानाने बोलवा. ज्यांना मैद्याच्या हव्यात त्यांच्यासाठी सासूबाई दुसऱ्या दिवशी स्वतःच्या घरी करतील. तुमच्या घरी जमणारच नसेल तर त्यांच्याकडे, पण धुऊन-पुसून घेतलेल्या घरात पहिला घाणा मुलाचा. तो पिशवीत बंद होऊन गाडीत गेला की मगच मैद्याचं पाकीट उघडायचं. आणि मैदा उघडला की मुलाने लेफ्से उलटायला उभं राहायचं नाही. आठ वर्षांचं पोर बोटं चाटणार.

त्यांची सगळी सामग्री टाकाऊ ठरवू नका, तसं केलंत तर त्या खरंच दुखावतील. बटाटे दाबायच्या यंत्राशी पिठाचा संबंध येत नाही. धातूचं असेल तर गरम पाण्याने घासून खुशाल वापरा. काय उसनं घ्यायचं नाही ते मात्र ठरलेलं आहे: कापड ताणून बसवलेला तो गोल पाट, लाटण्यावर चढवायचा मोजा, खाचांचं लाकडी लाटणं आणि लेफ्से उचलायची लांब चपटी काठी. खाचांत आणि लाकडाच्या रेषांत वर्षांचा मैदा असतो. टाक्केच्या कडांनाही करपलेलं पीठ चिकटलेलं असतं आणि तापवल्याने ग्लुटेन जळून जातं ही समजूत खोटी आहे. मुलासाठी एक सपाट पॅन, एक गुळगुळीत लाटणं आणि एक नवी काठी घ्या. काठी तर सासूबाईंनाच घ्यायला सांगा, त्यावर त्याचं नाव कोरून. आजीला करण्याजोगं काहीतरी ठोस लागतं.

आणि त्यांना कामाला लावा. तवा त्यांच्या ताब्यात द्या. लेफ्से कधी उलटायची, ठिपके कुठवर येऊ द्यायचे, फडक्यात किती वेळ, हे त्यांच्या हातात आहे. ते तुम्हाला माझ्या पत्रातून येणार नाही. पहिल्या दोन-तीन बिघडतील, त्या ‘बघ, म्हटलं नव्हतं’ म्हणतील, म्हणू द्या. त्या फाटक्यांना लोणी-साखर लावून मुलं उभ्या उभ्या संपवतात.

शेवटी १७ मेचं. तुम्ही विचारलेलं नाही, पण राष्ट्रीय दिनाला मिरवणुकीनंतर लोम्पेतलं सॉसेज तुमचा मुलगा मागणारच. फ्रीझरमधल्या लोम्पे काढून बरोबर न्या. तयार ग्लुटेनफ्रीही दुकानात मिळतात, एक पाकीट जास्तीचं असू द्या. सॉसेजच्या पाकिटावर घटकांची यादी वाचा, धान्यांची नावं तिथे ठळक अक्षरांत छापलेली असतात. ते एकाच पातेल्यात बाकीच्या सॉसेजबरोबर शिजत असेल तर घरचं वेगळं न्या. केचप, मोहरी यांची यादीही एकदा नजरेखालून घाला. वरून भुरभुरायचा तो कुरकुरीत तळलेला कांदा मात्र बहुतेक गव्हाच्या पिठात घोळवलेला असतो. घरून कच्चा कांदा बारीक चिरून डबीत घेऊन जा.